कंपनी शाळेत येते तेव्हा: दोन टक्के, पाऊण तास आणि आपले प्रश्न

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी बेळगाव भागातल्या आमच्या मराठी शाळेच्या आवारात एक पांढरी गाडी येऊन थांबली. आधी बॅनर उतरला, मग माणसं. बॅनर एवढा लांब की तो बांधायला सातवीच्या दोन पोरांना आंब्यावर चढवावं लागलं. एका टोकाला कंपनीचं नाव, दुसऱ्या टोकाला संस्थेचं, मधोमध कन्नड आणि इंग्रजीत बालसुरक्षेचा संदेश. म्हणजे बालसुरक्षेचा बॅनर बांधायला बालकंच झाडावर. हेडमास्तरांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण "सावकाश रे, सावकाश" असं ते तीनदा ओरडले.

पाऊण तासात सगळं आटोपलं. दोनशे मुलं एका हॉलमध्ये कोंबलेली. बेंगळूरहून आलेल्या ताई अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी बोलत होत्या आणि आमच्या एक बाई जमेल तसं मराठीत सांगत होत्या. शेवटी बिस्किटाचा पुडा आणि फोटो. माझी मुलगी चौथीत. घरी आल्यावर विचारलं, आज काय सांगितलं गं? तर म्हणाली, "पोहायचे कपडे घातल्यावर जेवढं झाकतं तिथं कुणी हात लावायचा नाही." थोड्या वेळानं परत आली. "पण पप्पा, आमी तर विहिरीत चड्डीवरच पोहतो की."

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये हिशेब बघतो आणि शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या समितीत, पालक म्हणून बसतो. कंपनीची वही कशी चालते आणि शाळेचं दप्तर कसं चालतं, दोन्हीची थोडी थोडी ओळख आहे. तरी त्या दिवशी एसडीएमसीतल्या कुणी एक प्रश्न विचारला नाही, मीसुद्धा नाही. फुकट मिळतंय, वर पोरांच्या भल्याचं आहे, मग विचारायचं कशाला, असा आपला स्वभाव. नंतर वाचत गेलो, चार जाणत्यांना विचारत गेलो, तेव्हा कळलं की विचारायला जागा भरपूर आहे, आणि ती जागा कायद्यानंच ठेवलेली आहे.

हे पैसे येतात कुठून

कंपनी कायदा २०१३ मध्ये १३५ नंबरचं कलम आहे. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. त्याआधीही कारखानदार शाळेला पंखे द्यायचे, देवळाला घंटा द्यायचे, पण ती त्यांची मर्जी होती. या कलमानं मोठ्या कंपन्यांसाठी ते बंधनाचं केलं. मोठी कंपनी म्हणजे कुठली? मागच्या आर्थिक वर्षात जिची नेट वर्थ ५०० कोटी रुपये किंवा जास्त, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त. तिन्हींतलं एक जरी लागू पडलं तरी पुरे. अशा कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजाच्या कामाला लावायचे. यालाच सगळे सीएसआर म्हणतात.

हिशेब करून बघा. समजा एखाद्या कंपनीला तीन वर्षांत ४, ६ आणि ८ कोटी नफा झाला. सरासरी ६ कोटी, त्याचे २ टक्के म्हणजे १२ लाख. एवढे तिला त्या वर्षी खर्च करावेच लागतात. देशभरातल्या कंपन्यांची अशी रक्कम मिळून २०२२-२३ मध्ये ३० हजार कोटींच्या घरात गेली होती, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा शिक्षणाचा होता. कुठल्या कामांवर खर्च चालतो त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. 'बालसुरक्षा' असं वेगळं नाव त्यात नाही. ती शिक्षणाच्या खात्यात बसवली जाते. म्हणून तर कंपनीच्या कागदावर ती 'जागृती कार्यक्रम' होऊन येते.

आता आपल्या भागात हे कुणाला लागू होतं? उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या बहुतेक फाउंड्र्या आणि मशीन शॉप या रेषेच्या खालीच. आमच्या मालकांचा नफा ५ कोटींच्या आसपासही फिरकत नाही, त्यामुळे त्यांच्यावर बंधन नाही. साखर कारखान्यांचं लोकांना हमखास चुकतं. कारखाना सहकारी असेल तर तो सहकार कायद्याखाली येतो, कंपनी कायद्याखाली नाही, म्हणून कलम १३५ त्याला लागत नाही. खाजगी कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल आणि आकडे बसत असतील तर लागतं. राष्ट्रीयीकृत बँकांचंही तसंच, त्या आपापल्या वेगळ्या कायद्यानं बनलेल्या. खाजगी बँका मात्र कंपन्या आहेत, त्यांना चुकत नाही. तेव्हा "कारखान्यानं शाळेला दोन टक्के द्यायलाच पाहिजेत" असं चावडीवर कुणी ठासून सांगितलं तर आधी विचारा, कुठला कारखाना ओ?

कायदा असंही सांगतो की कंपनीनं आपला कारखाना जिथं आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं. 'द्यावं' आहे, 'दिलंच पाहिजे' नाही. पण परिसर म्हणजे राज्य नव्हे, ही गोष्ट सीमाभागातल्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कायदा केंद्राचा. निपाणीची माणसं रोज कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात. त्या कागलच्या कंपनीनं निपाणीच्या शाळेत खर्च केला तर कायद्याला काही हरकत नाही. शाळेत पाय ठेवायची परवानगी मात्र कर्नाटकाच्या शिक्षण खात्याकडून, म्हणजे बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसातून घ्यावी लागते.

फोटो कशाला लागतो

फोटोचा मला आधी राग यायचा. आता निम्मा येतो. नियम असा आहे की पैसे ठरलेल्या कामालाच गेले याची कंपनीच्या संचालक मंडळानं खात्री करायची आणि मुख्य वित्त अधिकाऱ्यानं तसं सही करून द्यायचं. सही करणारा माणूस मुंबईत नाहीतर बेंगळुरात बसलेला, त्याला येळ्ळूर आणि उचगाव कुठं आहे हे माहीत नसतं. पुरावा म्हणून तो फोटो मागतो. यात वावगं काही नाही. पण बिलं, हजेरीपट, हेडमास्तरांचा सही-शिक्क्याचा दाखला यांनीही पुरावा होतो. फोटो हवाच असेल तर मुलांच्या पाठीमागून काढा. फळा दिसतो, शिकवणारी दिसते, मुलांची डोकी दिसतात, पुरे झालं. बालसुरक्षेच्या कार्यक्रमात मुलांचे चेहरे आणि शाळेची पाटी एकत्र छापून वार्षिक अहवालात लावायची, यात जो विनोद आहे तो कुणालातरी दिसायला हवा होता.

फेब्रुवारी-मार्चमध्येच या गाड्या का येतात त्याचंही उत्तर वहीतच आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. पैसे उरले तर बाहेर जातात: काम चालू प्रकल्पाचं नसेल तर सहा महिन्यांत पंतप्रधान मदत निधीसारख्या सरकारी निधीत भरावे लागतात. म्हणून धावपळ. इकडे शाळेत त्याच महिन्यांत परीक्षा, बाईंच्या हातात पेपरांचे गठ्ठे. पण याच कायद्यात एक खिडकी आहे, जी आपल्याकडच्या फारच थोड्या शाळांना माहीत असते. कंपनी एखादं काम 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मंजूर करू शकते. असं काम सुरू झालेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं चालू शकतं, आणि त्या वर्षीचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवता येतात. म्हणजे जूनमध्ये सुरू करा, दसऱ्याच्या सुट्टीनंतर परत या, पुढच्या वर्षी परत या. कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असलीच तर एक्सेल शीटची असते.

एक्सेल शीट म्हणजे काय ते सांगतो. मघाच्या १२ लाखांतले ५ टक्के, म्हणजे ६० हजार, ही कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चाची कमाल मर्यादा. उरले ११ लाख ४० हजार. ते ४० शाळांना वाटले तर शाळेमागं २८,५००. त्यात गाडी, बॅनर, बिस्किटं, फोटोग्राफर आणि शिकवणाऱ्यांचं मानधन. पाऊण तासाच्या वर काही बसतच नाही. पण अहवालात '४० शाळा, ८,००० मुलं' असं छापता येतं. तेच पैसे १० शाळांना दिले तर शाळेमागं १ लाख १४ हजार येतात. त्यात शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, मराठीतलं साहित्य, वर्गावर्गात चार-पाच तास आणि वर्षभर महिन्यातून एकदा येणारी समुपदेशक, एवढं बसवता येईल. अहवालात मात्र '१० शाळा, २,००० मुलं'. कुठला आकडा साहेबांना आवडतो ते सांगायला नको.

पैसे शाळेच्या खात्यात थेट का येत नाहीत, हा एसडीएमसीच्या प्रत्येक बैठकीतला प्रश्न. कंपनी एकतर स्वतः काम करते, नाहीतर नोंदलेल्या संस्थेमार्फत करते. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, आणि संस्था बाहेरची असेल तर असल्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा दारात आलेल्या संस्थेला "तुमचा सीएसआर-१ नंबर सांगा की" असं म्हणायला लाजू नका. खरी संस्था तो पाठ म्हणून दाखवते. कंपनीची वेबसाईट असेल तर मंजूर झालेली कामं तिथं टाकणंही बंधनकारक आहे, आणि सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्ह्यानुसार खर्च बघता येतो. मोबाईल तर सगळ्यांच्याच हातात आहे.

आणखी एक. जाहिरातीसाठी केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही, असं नियमातच लिहिलंय. आमच्याकडे त्या दिवशी मुलांच्या हातात एक फॉर्म दिला होता: मुलाचं नाव, वर्ग, पालकांचा मोबाईल, घरात किती माणसं, महिन्याचं उत्पन्न. बालसुरक्षेला माझ्या पगाराशी काय देणंघेणं? मी तो रकाना खोडला. पुढच्या पंधरा दिवसांत ज्यांनी खोडला नव्हता त्यांतल्या तिघांना विम्याचे फोन आले. दोन्हीचा संबंध आहे हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून इथंच सोडतो. पण २०२३ मध्ये संसदेनं मंजूर केलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, आणि मुलांना धरून जाहिराती सोडायला मनाई करतो. फुकट 'सेफ्टी अ‍ॅप' घेऊन कुणी आलं तर हे आठवा.

चड्डी-बनियनचा नियम

आता मूळ गोष्टीकडे येतो. शिकवायचं काय आणि कुठल्या भाषेत?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारून एक अहवाल काढला होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. अशा मुलांत मुलग्यांची संख्या निम्म्याहून किंचित जास्त होती. मुलग्यांना बाहेर खेळायला पाठवून फक्त मुलींना हॉलमध्ये बसवणारे कार्यक्रम मी बघितलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी निघते, त्यात दहातल्या नऊहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. म्हणजे 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नका' हा आपल्या लहानपणचा धडा फार थोड्या वेळा कामाला येतो. ओळखीतला म्हणजे कोण? आपल्याकडे तर मोठं माणूस दिसलं की मामा नाहीतर काका. वडापची जीप चालवणारा मामा, दुकानवाला मामा, शिकवणीचे सर, शेजारचा दादा. नात्याची हाक मारली की अंतर संपतं. ही आपली गोड सवय आहे आणि तीच मुलांची अडचणही.

'गुड टच, बॅड टच' हे शब्द सगळीकडे पोचलेत, पण जाणकार हल्ली 'सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श' म्हणतात. कारण साधं आहे. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर सुई टोचतात तेव्हा दुखतं, तरी तो स्पर्श सुरक्षित आहे. उलट वाईट हेतूनं केलेला स्पर्श गुदगुल्यांसारखा बरा वाटू शकतो, आणि मग 'मला तर बरं वाटलं होतं, म्हणजे चूक माझीच' असं मूल मनात धरून बसतं. 'चांगला-वाईट' म्हटलं की मूल स्वतःला तोलायला लागतं. 'सुरक्षित-असुरक्षित' म्हटलं की समोरच्याला तोलतं.

आणि ते पोहण्याचे कपडे. शहरातल्या तरणतलावावर मुलामुलींचे पोहण्याचे कपडे असतात, तिथल्या मुलांना ती खूण पटते. आमच्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत उडी मारणाऱ्या पोरीच्या अंगात एक चड्डी असते. त्या खुणेनं तिची छाती उघडीच राहिली. आमच्या बाईंनी पुढं हे एका वाक्यात दुरुस्त केलं: "चड्डी आणि बनियन झाकतं तेवढं आपलं एकट्याचं." एवढं सोपं. पण स्लाईड तयार करणाऱ्याला ते सुचणार कसं, तो कधी आपल्या विहिरीवर आलाच नाही.

शब्दांचा घोळ इथं संपत नाही. त्या दिवशी 'प्रायव्हेट पार्ट'चं भाषांतर 'गुप्तांग' झालं. चौथीच्या मुलांना तो शब्दच ठाऊक नाही, आणि सातवीच्या पोरांना ठाऊक आहे तो शिवी म्हणून. घरात त्या अवयवाला जे लाडाचं नाव असतं, ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. एखादी पोर कुणाला सांगायला गेली, की अमक्यानं 'तिथं' हात लावला, तर 'तिथं' म्हणजे कुठं हे समजायला ऐकणारा तिच्या भाषेतला लागतो. शरीराच्या प्रत्येक भागाला न लाजता घेता येईल असा एक शब्द मुलाजवळ असणं, हा बालसुरक्षेचा पहिला धडा, आणि तो मातृभाषेतच देता येतो.

मग महाराष्ट्रात छापलेल्या मराठी पुस्तिका आणल्या तर? मीही आधी तेच म्हटलं होतं. एक आणून बघितली. भाषा छान, पण आत 'गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा', 'पोलीस पाटलांना सांगा'. आमच्याकडे पोलीस पाटील कुठला? इथं पीडीओ (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी), बीईओ, एसडीएमसी. चित्रातल्या शाळेच्या पाटीपासून तक्रारीच्या पायरीपर्यंत सगळं पलीकडचं. मराठी इथली हवी, आणि माहिती कर्नाटकाची हवी. हे काम खर्चिक नाही. आठ-दहा शिक्षक दोन दिवस बसले तर होईल. कंपनीच्या पैशांतून आधी हे करून घ्यावं असं माझं मत, मग बिस्किटं.

मदतीचा नंबर मात्र दोन्हीकडे एकच, १०९८. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून सरकारच्या हातात आहे आणि ११२ शी जोडलेली आहे. दहा-नऊ-आठ, असं उतरत्या क्रमानं म्हटलं की बालवाडीतलं पोरही विसरत नाही. आमच्या बाईंनी त्याला एक जोड दिली. फोन उचलणारं माणूस कन्नड बोलणारं निघालं तर मूल गप्प बसू नये म्हणून सगळ्या वर्गाकडून एक वाक्य घोकून घेतलं: 'ननगे सहाय बेकु', मला मदत पाहिजे. भाषेच्या भांडणात आपली हयात गेली. मुलांना या कामापुरत्या दोन्ही भाषा हव्यातच.

मूल बोललं तर

पाऊण तासाच्या कार्यक्रमाचा खरा धोका वेगळाच आहे. तो मुलाचं तोंड उघडतो आणि गाडी निघून जाते.

समजा दुसऱ्या दिवशी एका मुलीनं चिठ्ठीत लिहिलं, 'वडापातले मामा मला रोज मांडीवर बसवतात, मला आवडत नाही.' गर्दी आहे म्हणून बसवत असतील. नसतीलही. शिक्षकानं काय करायचं? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झालाय किंवा होण्याची भीती आहे असं ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. नुसती भीतीसुद्धा पुरते, खात्री करून घेणं हे तुमचं काम नाही. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. शाळेची अब्रू जाईल, पोरीचं लग्न मोडेल, वगैरे कारणं कायदा ऐकत नाही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला तोच कायदा संरक्षण देतो. आणि हे बंधन जसं हेडमास्तरांवर, तसंच कार्यक्रमाला आलेल्या ताईंवर आणि कंपनीच्या साहेबांवरही आहे. कार्यक्रम चालू असताना मुलानं काही सांगितलं तर तुम्ही पुढं काय करणार, हे त्यांना आधी विचारा. गोंधळले तर तारीख पुढं ढकला.

याच कलमात एक ओळ आहे जी मी दोनदा वाचली. तक्रार नोंदवताना मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषा द्यायचा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, होता होईल तो महिला अधिकाऱ्यानं, आणि खाकी वर्दीत नाही. म्हणजे खानापूरच्या मराठी पोराला पोलीस ठाण्यातही आपल्या भाषेचा हक्क आहे. हा हक्क आहे हे ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या बापाला कुणीतरी आधी सांगितलेलं असायला पाहिजे, एवढंच.

मुलाची ओळख बाहेर फुटू नये म्हणूनही कायदा कडक आहे. नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, काहीच छापायचं नाही. कंपन्यांना अहवालात 'एका मुलीची कहाणी' घालायचा मोह होतो. नाव बदललं तरी गावाचं आणि वर्गाचं वर्णन दिलं की तीनशे उंबऱ्यांच्या गावात कोण हे कळायला दोन मिनिटं लागतात.

आणि शाळेचं स्वतःचं घर? पोक्सोचे २०२० चे नियम म्हणतात की मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा झाडू मारणारा, वेळोवेळी पोलीस पडताळणी व्हावी आणि त्यांना प्रशिक्षण मिळावं. हे आमच्याकडे किती झालंय ते मी बैठकीत विचारलं. उत्तर म्हणून चहा आला.

कंपन्या ज्याला हात लावत नाहीत

बालसुरक्षा म्हणजे फक्त स्पर्श नव्हे, पण कंपन्यांना तोच विषय सोयीचा वाटतो, कारण त्यात गावातलं कुणी चिडत नाही. आमच्याच जिल्ह्यात सौंदत्तीचा, यल्लम्माचा डोंगर आहे. मुलींना देवाला सोडण्याविरुद्ध कर्नाटकानं १९८२ मध्येच कायदा केला. कुठल्या बॅनरवर मी ते वाचलेलं नाही. बालविवाहाचंही तसंच. इथं एक सीमेवरची गंमत आहे, गंमत म्हणायची तर. केंद्राच्या २००६ च्या कायद्यानं बालविवाह हा गुन्हा आहे, पण झालेलं लग्न आपोआप रद्द होत नाही, त्या मुलीनं किंवा मुलानं कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं. महाराष्ट्रात तोच कायदा चालतो. कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्तीनं असं लग्न मुळातच रद्दबातल ठरवलं. चंदगडला सोयरीक करताना आठवीतल्या पोरीचं वय वाढवून सांगणाऱ्या पाहुण्यांना हा फरक कुणी सांगत नाही.

दसऱ्यानंतर चिकोडी, रायबाग, अथणीच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या पुष्कळ, मराठी बोलणाऱ्या. त्यांची मुलं कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर असतात, आईबाप पहाटेच फडात. शाळेच्या हॉलमध्ये होणारा कार्यक्रम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण त्यांची नावं इथल्या हजेरीपटावर नसतात. आणि हजेरीपट नाही म्हणजे सही करणाऱ्याला पुरावा नाही. मला वाटतं ज्या खाजगी कारखान्याचा ऊस ती माणसं तोडतात, त्याच्या दोन टक्क्यांवर पहिला हक्क त्या कोप्यांवरल्या पोरांचा असायला हवा. ग्रामपंचायतीत वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा होते, 'मक्कळ ग्रामसभा'. हे तिथं मांडता येईल, पण ती मुलं तिथं असतील तर ना.

या वर्षी तीच कंपनी परत आली. संस्था बदलली होती. या वेळी आम्ही बैठक आधी घेतली, नंबर विचारला, फॉर्म वाचला. हेडमास्तर मला हळूच म्हणाले, "एवढं ताणू नका ओ, जातील निघून." गेले नाहीत. जुलैमध्ये सुरू करायचं, मराठीत शिकवायचं आणि शिक्षकांना आधी तयार करायचं, एवढं त्यांनी मान्य केलं. बॅनर लहान करा म्हटलं, ते मात्र मान्य झालं नाही.

त्यांनी एक तक्रारपेटीही दिली. ती आधी हेडमास्तरांच्या खोलीच्या दाराशी, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर टांगली होती. तिथं चिठ्ठी टाकायची म्हणजे पायाखाली स्टूल आणि समोर सगळी स्टाफरूम. ती काढून नळाजवळ, पहिलीच्या मुलाचा हात पोचेल अशी लावली. किल्ल्या दोन केल्या, एक बाईंकडे आणि एक एसडीएमसीतल्या एका आईकडे, दोघी मिळूनच उघडणार. पहिल्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. दोघांना उपीट खारट लागलं होतं. नऊ चिठ्ठ्यांत, वेगवेगळ्या अक्षरांत, एकच गोष्ट होती: मुलींच्या संडासाला आतून कडी नाही.

बाईंनी ते कंपनीच्या माणसाला फोनवर सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, मॅडम, मंजुरी 'शिक्षण आणि जागृती' या खात्यात आहे, दुरुस्ती त्यात बसत नाही, पुढच्या वर्षी बघूया. मी आमच्या मालकांना सहज बोललो. त्यांच्यावर ना कलम १३५, ना दोन टक्के. त्यांनी शॉपमधल्या फिटरला हाक मारली. शनिवारी तो ड्रिल आणि चार कड्या घेऊन आला, तीन बसवल्या. चौथं दार कुजलं होतं, स्क्रू धरेना. तो म्हणाला, "हे दारच बदलायला लागतंय ओ," आणि टेप काढून माप घ्यायला लागला.